किल्लीची जागा

किल्ली ओली होती. अंघोळीला जाताना ती न्हाणीच्या कोनाड्यात ठेवायची हे ठरलेलं, आणि आज कोनाड्यात कुणीतरी ओला साबण टाकून गेलं होतं. बायनाबाईनं ती पदराला पुसली, तळहातावर घेतली आणि बाहेर एवढी गडबड चाललेली असताना नुसती बघत उभी राहिली. बोटभर लांब, गोल डोक्याची, डोक्यातून ओवलेला काळा गोफ. कोठीच्या खोलीची किल्ली. इतक्या वर्षांच्या घामानं आणि अंगाच्या उबेनं तिचं लोखंड लोखंडासारखं राहिलंच नव्हतं, कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या — सासूनं ती आपल्या चोळीतून काढून तशीच कोमट तिच्या हातात ठेवली होती आणि एवढंच म्हणाली होती की डाव्या अंगाला ठेवत जा, उजव्या हाताला लवकर घावते. संसाराचा दुसरा कुठलाही उपदेश त्या बाईनं कधी केला नाही.

डाव्या अंगाला. तिथंच ती राहिली, वर्षानुवर्षं... आणि यंदाच्या पोळ्यापासून उजव्या अंगाला आली.

नवी चोळी बिभीषण शिंप्यानं शिवली होती. माप घ्यायला तो आता येतच नसे. जुनी चोळी मागवायचा आणि आपल्या मनानं दोन बोटं वाढवून शिवायचा, त्यात त्याला मालकिणीचा मान राखल्यासारखं वाटायचं. हुक लावता लावता तिची बोटं तिथं गेलीच. सकाळपासून ठरवलं होतं की आज नाही, आजचा दिवस जाऊ द्यायचा. पण जीभ कशी पडलेल्या दाताच्या जागी जाते, तशी बोटं जातात. आहे. जागच्या जागी आहे. हरभऱ्याएवढी म्हणावी तर मोठी, बोराएवढी म्हणावी तर... बोराएवढीच. आणि दुखत नाही. दुखली असती तर बरं झालं असतं, आरडाओरडा तरी करता आला असता.

सुरुवात झाली ती खांदेमळणीच्या संध्याकाळी. दावणीला आता दोनच बैल राहिलेत, बाकी सगळी कामं ट्रॅक्टरवर, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तिचे यजमान मोहनराव अजून आपल्या हातानं चोळतात. तिनं तूप-हळद कालवून दिली आणि वाटी परत आली तेव्हा तळाशी थोडी उरली होती. वाटी ठेवून तिनं कोठी उघडायला किल्ली काढली, आणि किल्लीबरोबर ती गाठ हाताला लागली. पहिला विचार आला तो भीतीचा नव्हताच. घट्टा, असं वाटलं. किल्लीचं गोल डोकं बरोबर त्या जागी रुतायचं, दिवसा आणि झोपेतसुद्धा. जू घासून घासून बैलाच्या खांद्याला जे होतं, तेच किल्ली घासून बाईच्या अंगाला. इतकं सरळ होतं ते. वाटीतली उरलेली तूप-हळद तिनं तिथं चोळली, आणि खांदा आलेल्या बैलाची जशी जुवाखालची बाजू बदलतात, तशी किल्लीची बाजू बदलली. मनाशी हसलीसुद्धा — काय बाई, आपलाही पोळा झाला.

मग रोज तूप-हळद. महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या, दसरा झाला, दिवाळी झाली. घट्टा काही बसला नाही, पण बैलाचाही लगेच कुठं बसतो. आणि दुसरं काही असेल असं वाटायला जागा तरी कुठं होती? पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बाईपणाचा सगळा ताप तिथंच मिटला, आता या अंगाला झाली तर म्हातारपणाची दुखणी होतील, गुडघ्याची, डोळ्याची — असं तिनंच काय, घाटनांदूरच्या त्या अख्ख्या गल्लीतल्या बायांनी धरून ठेवलेलं होतं.

बाहेर साखळ्या खणखणल्या. अडतीवरचा मोठा तराजू आणला होता, ज्याच्यावर पूर्वी ज्वारीची पोती तोलत. अंगणात लाकडी तिकाटणं उभं करून सटवा आणि धुळाजी हे दोघे हमाल त्याची दांडी बांधत होते, आणि तिची सून सायली पारड्यांना झेंडूच्या माळा गुंडाळत होती. मोहनरावांची एकसष्टी. या घराची रीतच होती, कर्त्या पुरुषाला एकसष्टीला गुळानं तोलायचं आणि तो गूळ ऊसतोडीला निघालेल्या माणसांना वाटायचा, टोळ्यांच्या गाड्या हलायच्या आत. सासऱ्यांना असंच तोललं होतं. सासूला कुणी तोललं नाही, तसा विचारही कुणाच्या मनात आला नसेल. पण मोहनरावांनी यंदा चारचौघांत सांगून टाकलं की माझ्यासंगं हिलाबी बसवायचं, निम्मा गाडा हिनं वढलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, मग गूळ जादा मागवा मालक, आणि सगळं अंगण हसलं. तीही हसली होती, पदर तोंडाला लावून. तेव्हा शिबिर व्हायचं होतं.

शिबिराची हौसही त्यांचीच. एकसष्टीच्या निमित्तानं बायकांची तपासणी, शाळेच्या दोन खोल्यांत, अंबाजोगाईहून आलेली डॉक्टरीण. सरपंचकी सुटून इतकी वर्षं झाली तरी माणसाला गावासाठी काहीतरी केल्याशिवाय करमत नाही. बाया आल्या, पण व्हरांड्यात एकमेकींना ढोसत उभ्या राहिल्या, आत कुणी शिरेना. मग त्यांनी तिला म्हटलं, तू जा आधी. म्हशींचं असंच असतं, एक पाण्यात उतरली की बाकीच्या उतरतात... गेली ती. मिरवत गेली. आपण गेलो नाही तर या बाया घरी जातील, या एवढ्या मोठेपणानं ती त्या पडद्याआड गेली, आणि बाहेर आली ती...

डॉक्टरीण सायलीच्याच वयाची असेल. हात गार होते तिचे. उजव्या अंगाला किल्ली बघून हसली, तिजोरी इथंच का म्हणाली. मग डावीकडे आली आणि हात थांबला. हसणं काही लगेच थांबलं नाही, पण हात थांबला. बायनाबाईनंच तिला समजावून सांगितलं की तो घट्टा आहे, किल्लीचा, आता जागा बदललीय. डॉक्टरणीनं पदर तिच्या अंगावर नीट ओढला. मग स्टूल ओढून समोर बसली, आणि लहान पोरीला सांगावं तसं पण खोटं न सांगता बोलली. किल्लीनं असं होत नाही. गाठ आहे म्हणजे तोच आजार असं मुळीच नाही, पण फोटो काढून, सुईनं थोडा तुकडा घेऊन बघायलाच हवं, आणि लवकर. दुखत नाही हे काही चांगलं लक्षण धरायचं नाही. पाळी गेली म्हणजे हा धोका जात नाही, वयाबरोबर वाढतो.

"मग कावून व्हतं ह्ये?" तिनं विचारलं होतं. न विचारती तर बरं.

एकच कारण नसतं, डॉक्टरीण म्हणाली. वय असतं, घराण्यात कुणाला असेल तर ते असतं, वजनही असतं. पाळी चालू असते तोवर बाईच्या अंगात एक रस तयार होत असतो. पाळी थांबली की ते काम थांबतं, पण अंगावरची चरबी तोच रस थोडा थोडा करत राहते. चरबी जास्त तर रस जास्त, आणि काही गाठी त्याच रसावर पोसतात. म्हणून पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन आम्हाला बघावं लागतं. पण तुमचा दोष नाही हा, आजी. जाड बाईला होतंच असं नाही आणि बारीक बाईला होत नाही असंही नाही. यजमानांना घेऊन या, या आठवड्यातच या.

दोष नाही हे तिनं ऐकलं. पण ते वाक्य तिथं शाळेच्या बाकावरच राहिलं, घरी तिच्याबरोबर आलं ते चरबीचं.

काटकुळी होते मी. हे आता कुणाला सांगितलं तर हसतील, पण होते. गेवराईकडून, चकलांब्याहून या घरात आले तेव्हा मांडवातच कुणीतरी म्हणालं, पोरगी हाय का तुराटी, आणि सासूनं ते असं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवसापासून माझ्या भाकरीवर तुपाची धार धरायला लागली. बोलायची नाही. समोर बसायची आणि धरायची. खाल्लं नाही की ताट उचलायची नाही. पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू, दुसऱ्यात अळिवाचे. गावात तिला लोक विचारायचे, काय करता सुनेला, आणि ती नुसती हसायची... त्या हसण्यासाठी मी कितीतरी घास जास्तीचे गिळलेत. या दंडात, या पोटात सासू आहे माझी. दुसरीकडे कुठं राहिलीय ती? फोटोसुद्धा धड नाही तिचा.

आणि मोहनराव. पाळी जायच्या दिवसांत तिला झोप येईनाशी झाली होती. अंगातून आगीचे लोळ उठायचे, भर थंडीत ती पांघरूण फेकून बसायची, कारण नसताना रडायची. त्यांना काय होतंय ते कळलं नाही — कळणार तरी कसं, तिला तरी कुठं कळत होतं — पण झोप नाही हे कळलं, आणि त्यांना एकच औषध येत होतं. अंबाजोगाईला गेले की पेढे. बीडला गेले की पेढे. पुडा कधी हातात द्यायचे नाहीत, तिच्या उशाशी ठेवायचे आणि दुसरंच काहीतरी बोलत बाहेर निघून जायचे. सुना-नातवंडं आलेल्या घरात बायकोसाठी पेढे आणायची लाज वाटायची त्यांना. ती एकटी बसून खायची, आणि खाताना रडू थांबायचं. खरंच थांबायचं. त्या दोन-तीन वर्षांत चोळीचं माप कुठल्या कुठं गेलं. बिभीषण शिंप्याची दोन बोटं तेव्हाच सुरू झाली.

तेच वजन. डॉक्टरीण बोलली ते नेमकं तेच, पाळी गेल्यानंतरचं.

म्हणून ती बोलली नव्हती. आठवडा संपत आला होता, आणि रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज तो माणूस समोर चहा घेऊन बसला की तिला एकच गोष्ट दिसायची: दवाखान्यात तो हात जोडून विचारणार, कावून झालं हो म्हणून, आणि ती गोड पोरगी खोटं न सांगता त्याला सांगणार. मग तो नुसता बघत बसेल स्वतःच्या हातांकडे. मरणाची भीती तिला वाटत नव्हती असं नाही. पण त्या हातांकडे बघणाऱ्या मोहनरावांची भीती त्याहून जास्त वाटायची. गाठ एकटीनं वागवता येते. हे दोघांना मिळून वागवायचं म्हणजे...

ते आत आले. फेटा बांधून, नवं धोतर, लहान पोरासारखे तुकतुकीत. कोठीचं दार उघडंच होतं, गूळ सकाळीच बाहेर गेला होता. त्यांची नजर चुलीशेजारच्या ताटाकडे गेली, अर्धी भाकरी तशीच होती.

"खाईनास तू," ते म्हणाले. "आठ दिस झालं बघायलोय. उतरलीस तर गूळ कमी भरंल, लोक म्हनतील मोहनरावनं हात आखडला."

ती हसली. हसावंच लागलं. उपवास धरलाय म्हणाली, तुमच्या एकसष्टीचा. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही; खिशात हात घालून त्यांनी एक पेढा काढला, कागदासकट तिच्या हातात दाबला, आणि फेटा नीट बसलाय का असं विचारत, उत्तराची वाट न बघता बाहेर गेले. पेढा तिनं पदराच्या टोकाला बांधला. मग तिथंच, भिंतीला हात लावून, थोडी रडली. फार नाही. आज डोळे सुजून चालणार नव्हते.

चंद्रभागाबाई मागच्या दारानं आली. तिचा नवरा आसाराम टोळीबरोबर दर साली कोयता घेऊन जातो, आणि जायच्या दिवशी ती बायनाबाईला भेटल्याशिवाय गाडीत चढत नाही. शेताच्या बांधावर दोघींची पोरं एकाच झोळीत निजलेली. गाडी भरली होती म्हणे, भांडीकुंडी, पाल, कोंबड्यासुद्धा; गूळ घेतला की निघायचं. बायनाबाईनं चहा टाकला. बोलता बोलता विचारलं की शिबिरात दिसली नाहीस तू.

"मी काय दावू माय?" चंद्रभागाबाई बशीत चहा ओतत म्हणाली. "मपली तर पिशवीच काढल्याली. बाईचं काय ऱ्हायलंय आता माज्यात? तुमाला देवानं मोकळं केलं, मला डाक्टरनं."

कोयत्याच्या कामात पाळीची अडचण नको म्हणून तरुणपणीच काढून टाकलेली पिशवी. तिच्या टोळीतल्या कितीजणींची अशीच. बायनाबाई तिच्या मनगटांकडे बघत राहिली, हाडाला हाड, वर एक काचेची बांगडी. ही वाळत गेली आणि मी सुजत गेले, आणि दोघींनी मनात धरलं ते मात्र एकच — की आता आपल्यात बाईचं काही राहिलं नाही, आता काही व्हायचं नाही. तसं नसतं गं चंद्रभागा. पिशवी नसली तरी छाती असते. दाखव. एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर चंद्रभागाबाईनं लगेच डोळे वर करून विचारलं असतं, तुमाला कसं ठावं.

तिनं विचारलंच, वेगळं. "तुमचं चांगलं निगालं न्हवं समदं?"

"व्हय," बायनाबाई म्हणाली.

"निगनारच. तुमाला बघितलं की माजंच प्वाट भरतंय बघा."

आणि बशी पालथी घालून ती उठली, लुगडं सावरत, बाहेर अंगणात बायांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. चांगलं निघालं. किती सहज आलं तोंडातून. आपण आपलं लपवतो म्हणून ही बाई सहा महिने उसाच्या फडात निर्धास्त राहणार, ते पाप कुणाचं? हे आतापर्यंत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, की आपण गप्प बसतो ते एकटीपुरतं राहत नाही.

मोहनरावांची तुला पटकन झाली. एका पारड्यात ते मांडी घालून बसले, दुसऱ्यात सटवानं गुळाच्या ढेपा रचल्या, दांडी सरळ झाली, गुरुजींनी मंत्र म्हटले, पोरांनी फटाके उडवले. मग तिला बोलावलं. माणसं दाटीवाटीनं उभी होती. तिला वाटलं, आपण चालतोय तर पायाखाली जमीन हलतेय. उगाच तसं वाटलं. सायलीनं दंडाला धरून पारड्याजवळ आणलं.

गुरुजींनी विचारलं, अंगावर लोखंड काही नाही ना? तुलेला बसताना लोखंड चालत नाही.

जोडवी चांदीची. बांगड्या काचेच्या. आणि... किल्ली. कोठीची किल्ली, ती अंगावर आहे हे ती विसरूनच गेली होती, इतकी ती अंगाचीच झालेली. लोकांकडे पाठ केली, तशी पाठ करायची तिला सवयच होती, पदर ओढला आणि डावा हात उजव्या अंगाला घालून किल्ली काढली. ठेवायची कुठं? मोहनराव जवळच उभे होते, तराजूची साखळी धरून. तिनं त्यांच्या हातात दिली. कोमट होती.

ते किल्लीकडे बघत राहिले. मग अगदी हळू, ओठ न हलवल्यासारखं, म्हणाले, "डाव्या हातानं काढलीस."

तिनं पारड्याची कड धरली.

"पोळ्यापासनं बघायलोय," ते म्हणाले. "इचारावं का न्हाई, कळंना मला."

पोळ्यापासून. म्हणजे एवढे दिवस हा माणूस... रोज सकाळी चहा घेऊन समोर बसायचा तेव्हा, भाकरी कावून ठेवली विचारायचा तेव्हा, पेढा हातात दाबायचा तेव्हा... त्याला माहीत होतं. काय ते माहीत नव्हतं, पण काहीतरी आपल्या जागेवरून हललंय, हे माहीत होतं. आपण त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आपल्यापासून भीती लपवत होता. काय दोन म्हातारी माणसं आम्ही. एका छपराखाली, एकमेकांना सांभाळत, एकमेकांना काही न सांगता. तिला एकदम त्याच्या फेट्यावर हात ठेवावासा वाटला, एवढ्या लोकांत.

"उतरल्यावर सांगते," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मूठ मिटली. किल्ली मुठीत गेली.

मग ती पारड्यात बसली. पारडं जमिनीला टेकलं, साखळ्या ताणल्या, कुणीतरी खालच्या आवाजात काहीतरी म्हणालं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. समोरच्या पारड्यात ढेपा पडू लागल्या. पिवळा गूळ, नव्या फडक्यात गुंडाळलेला. त्याचा वास इथपर्यंत येत होता. एक ढेप ती सासूच्या तुपाची. एक लाडवांची. ही त्यांच्या पेढ्यांची, ही बक्कळ मोठी — सटवा आणि धुळाजीनं मिळून उचलली. आणि यात कुठंतरी एक खडा त्या गाठीच्या वाट्याचाही असेल. बोराएवढा. तोही वाटला जाईल, कुणाच्या तरी पालापुढं चहात पडेल, गोडच लागेल. तिला या विचाराचं हसू आलं, आणि हसू आल्याचं आश्चर्य वाटलं. आठ दिवस या अंगाचा तिनं राग राग केला होता, आरशासमोर उभी राहिली नव्हती, स्वतःच्या पोटाला हात लावला नव्हता. आणि इथं हे अंग बसलंय, सगळ्यांच्या समोर, मांडी घालून, माळा घातलेलं. कुणी कुणी किती जपून भरलेलं. बिचारं. त्याला तरी काय ठाऊक होतं की दिलेलं सगळं ठेवून घ्यायचं नसतं.

डावीकडे किल्ली नव्हती. उजवीकडेही नव्हती. चोळीत पहिल्यांदाच काही नव्हतं, आणि गाठ होती. किल्लीची नव्हती ती कधीच. माझी आहे.

त्याला सांगायचं. पेढ्यांचंही सांगायचं का? ते कळत नव्हतं अजून. विचारील तो, आणि तिथं ती पोरगी सांगेल. मग आपणच त्याच्याकडे तोंड करून म्हणायचं, तुमचा दोष नाही हो... आणि शाळेच्या त्या बाकावर राहून गेलेलं वाक्य तिला अचानक आठवलं, जसंच्या तसं, डॉक्टरणीच्या आवाजात. स्वतःसाठी ते तिला उचलता आलं नव्हतं. त्याच्यासाठी उचललं, तर अगदीच काही जड नव्हतं. त्यातलं थोडं आपल्यालाही पुरेल कदाचित.

बायांच्या घोळक्यात चंद्रभागाबाई दिसत होती, टाचा वर करून बघत. तिलाही थांबवायचं होतं, गाडी निघायच्या आत.

शेवटची ढेप पडली आणि पारडं हललं. आधी वाटलं भास आहे, मग खालची जमीन सुटली. हळूच, धक्का न देता, कुणीतरी काखेत हात घालून उचलावं तसं. लग्नात मामानं कडेवर घेऊन बोहल्यावर आणलं होतं, चकलांब्याच्या मांडवात, तुराटी होते तेव्हा. त्यानंतर मला कुणी उचललं नव्हतं. उचलता येईल असं कुणाला वाटलंही नसेल. मलाच वाटलं नव्हतं. पाय अधांतरी होते, साखळी बारीक कुरकुरत होती, झेंडूचा वास, गुळाचा वास, आणि लोक टाळ्या वाजवत होते ते कुठंतरी खाली, लांब.

"घाई करू नका," मोहनराव हमालांना म्हणाले, साखळी धरून, दुसऱ्या हाताची मूठ छातीशी. "बसू द्या तिला जरा."

ती बसली. भीती होतीच, ती काही गेली नव्हती. पण एवढे दिवस ती एकटीच्या अंगावर बसलेली होती आणि आता समोर, हाताच्या अंतरावर, दुसऱ्या कुणाच्या तरी मुठीत होती. तिनं डोळे मिटले नाहीत.